निगेटिव्ह, प्रिंट आणि पाठभेद : ॲन्सेल ॲडम्सच्या ‘मूनराइझ’ची चिकित्सा

१

मराठीत छायाचित्राच्या संदर्भात ‘प्रत’ हा शब्द सर्वमान्य झालेला आहे. एका निगेटिव्हवरून दहा प्रती काढल्या, असे सहज म्हटले जाते. या साध्या वाक्यात दोन गृहीते दडलेली आहेत. पहिले असे की, कृती निगेटिव्हमध्येच पूर्णपणे सिद्ध झालेली असते. कागदावर ती केवळ उतरवावयाची असते. दुसरे असे की, अशा रीतीने उतरलेल्या सर्व प्रती परस्परांशी समान असतात, आणि त्या समान नसल्या तर तो उतरवणाऱ्याच्या हाताचा दोष समजावयाचा असतो. हस्तलिखित पोथ्यांशी परिचय असलेल्या अभ्यासकाला ही दोन्ही गृहीते संशयास्पद वाटली पाहिजेत. पोथीची प्रत म्हणजे निव्वळ नक्कल नव्हे, हे पाठचिकित्सेने केव्हाच दाखवून दिले आहे. प्रत्येक प्रतीमागे एक वाचन असते. त्यात काही स्वीकार असतो, काही त्याग असतो.

छायाचित्राच्या बाबतीत हा प्रश्न तपासून पाहण्यास ॲन्सेल ॲडम्स (१९०२–१९८४) या अमेरिकन छायाचित्रकाराच्या ‘मूनराइझ, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ या निसर्गचित्राइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. निगेटिव्ह एकच, ती १९४१ सालची. तिच्यावरून ॲडम्सने स्वतः डार्करूममध्ये सुमारे चाळीस वर्षांच्या अवधीत तेराशेहून अधिक प्रिंट्स तयार केल्या. या प्रिंट्स एकसारख्या नाहीत. आरंभीची व अखेरची प्रिंट शेजारी शेजारी ठेवली तर दोहोंमधील आकाशाचा स्वभावच भिन्न असल्याचे दिसते. मग ‘मूनराइझ’ या नावाने जिचा गौरव केला जातो ती कृती यांपैकी कोणती? प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे.

२

प्रथम निगेटिव्हची हकीकत पाहणे आवश्यक आहे. कारण पुढील सर्व पाठभेदांचे मूळ तिच्या गुणदोषांत आहे.

१९४१ च्या शरद ऋतूत ॲडम्स अमेरिकन सरकारच्या अंतर्गत खात्यासाठी भित्तिचित्रांच्या एका योजनेवर काम करीत होता. चामा नदीच्या खोऱ्यात दिवस फारसा फलदायी न झाल्याने तो मुलगा मायकेल व मित्र सेड्रिक राइट यांच्यासह मोटारीने सँटा फेकडे परतत होता. वाटेत हर्नांडेझ हे लहानसे गाव लागले. पूर्वेकडे हिमाच्छादित शिखरे, त्यांच्यावर ढगांचा उजळ पट्टा, त्याहून वर चढलेला चंद्र. आणि खाली मातीच्या विटांची बैठी घरे, चर्च व दफनभूमीतील पांढरे क्रूस. मावळतीकडे झुकलेल्या सूर्याचा प्रकाश मागून येऊन त्या क्रूसांवर पडलेला होता. ॲडम्सने मोटार थांबवली आणि आठ बाय दहा इंचांच्या फिल्मवर चित्र घेणारा मोठा कॅमेरा घाईघाईने उभा केला. ऐन वेळी प्रकाशमापक मात्र सापडेना.

येथे त्याला स्मरणातील एक आकडा उपयोगी पडला. चंद्राची दीप्ती दर चौरस फुटास २५० कँडल इतकी असते, हे त्याला ठाऊक होते. १९४० च्या सुमारास फ्रेड आर्चर याच्या सहकार्याने त्याने छटांची जी श्रेणी सिद्ध केली होती तिला ‘झोन सिस्टिम’ म्हणतात. ठार काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे तीत पाडलेले असून लगतच्या दोन टप्प्यांमध्ये प्रकाशाचे प्रमाण दुप्पट होते. चंद्र सातव्या टप्प्यावर ठेवावयाचा तर मधल्या, म्हणजे पाचव्या टप्प्यावर त्याची चतुर्थांश दीप्ती, सुमारे ६० कँडल, येते. फिल्मची संवेदनक्षमता ६४ होती. त्यावरून भिंगाचे छिद्र एफ-८ असता सेकंदाचा साठावा भाग हे उत्तर निघाले. गडद पिवळ्या फिल्टरमुळे प्रकाश तिप्पट लागणार होता, आणि पुढील झुडपांपासून दूरच्या शिखरांपर्यंत सर्व काही रेखीव यावे म्हणून छिद्र एफ-३२ पर्यंत लहान करावयाचे होते. हिशेबाअंती एक सेकंद ठरला. चित्र घेतले गेले. खबरदारी म्हणून दुसरी निगेटिव्ह घ्यावी, तोच क्रूसांवरील ऊन निघून गेले. अशा रीतीने ही निगेटिव्ह एकुलती एक राहिली.

चंद्राचा हिशेब अचूक होता. परंतु गावाचा हिशेब केलेलाच नव्हता. चंद्र व ढग निगेटिव्हवर घट्ट उमटले, तर पुढील जमीन, झुडपे आणि घरे फार विरळ उमटली. हा धोका ओळखून ॲडम्सने फिल्म डेव्हलपरमध्ये व साध्या पाण्यात आलटूनपालटून ठेवली. पाण्यात असताना उजळ भागांतील डेव्हलपर लवकर संपून जातो व काळोख्या भागांत तो काही काळ काम करीत राहतो. त्यामुळे दोहोंतील अंतर आटोक्यात राहते. एवढे करूनही निगेटिव्ह प्रिंटसाठी अवघडच राहिली.

या चित्राच्या तारखेचाही इतिहास उद्बोधक आहे. ॲडम्सने निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळी साले सांगितली होती. अखेर हा प्रश्न ग्रंथकर्त्याच्या साक्षीने नव्हे, तर चंद्राच्या आकाशातील स्थानावरून सोडवला गेला. डेव्हिड एल्मोर या खगोलज्ञाने प्रथम ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. पुढे १९९१ साली डेनिस डी चिको याने तिची दुरुस्ती करून १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे ही वेळ निश्चित केली. कर्त्याच्या स्मरणापेक्षा कृतीतील अंतर्गत पुरावा कसा बलवत्तर ठरतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. ही वेळ ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिला महत्त्व आहे.

३

डार्करूममध्ये निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश टाकला जातो. निगेटिव्हचा विरळ भाग प्रकाशाला वाट देतो, म्हणून तेथे कागद काळा होतो. घट्ट भाग प्रकाश अडवतो, म्हणून तेथे तो उजळ राहतो. एवढ्यावरच काम भागले असते तर प्रिंट ही खरोखरच यांत्रिक प्रत ठरली असती. पण एन्लार्जरचा दिवा लागल्यापासून विझेपर्यंतच्या काही सेकंदांत प्रिंट करणाऱ्याचे हात मोकळे असतात. एखाद्या भागावर हाताची किंवा तारेला लावलेल्या पुठ्ठ्याची सावली धरून तो भाग उजळ राखता येतो. याला ‘डॉजिंग’ म्हणतात. उलट, बाकीचा कागद झाकून एखाद्या भागाला जादा प्रकाश देता येतो व तो अधिक काळा करता येतो. याला ‘बर्निंग’ म्हणतात. हात सतत हलता ठेवावा लागतो, अन्यथा सावलीची कड कागदावर उमटते. यांखेरीज मृदू अथवा कठोर प्रकृतीच्या कागदाची निवड, डेव्हलपरमधील कालावधी, आणि शेवटी सेलेनियमच्या द्रावणात काळ्या छटेला दिलेली खोली, ही सर्व साधने असतात. ओली प्रिंट वाळल्यावर किंचित काळवंडते, हाही भाग हिशेबात धरावा लागतो. चाचणीच्या पट्ट्या झटपट वाळवून त्यांचा खरा रंग पाहता यावा म्हणून ॲडम्स उत्तरायुष्यात मायक्रोवेव्ह भट्टी वापरीत असे.

‘मूनराइझ’च्या आरंभीच्या प्रिंट्समध्ये आकाश मध्यम करड्या छटेचे असून चंद्राच्या वरच्या बाजूसही विरळ ढगांचे फराटे दिसतात. ‘यू. एस. कॅमेरा’ या वार्षिकाच्या १९४३ च्या अंकातून हे चित्र प्रथम वाचकांसमोर आले, ते या काळातील आहे. १९४८ साली ॲडम्सने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तेथील चांदीची घनता वाढवली. त्यामुळे जमिनीतील व घरांतील सूक्ष्म छटा पूर्वीपेक्षा सुस्पष्टपणे कागदावर उतरू लागल्या. त्यानंतरच्या दशकांत आकाश क्रमाक्रमाने काळे होत गेले. १९७० नंतरच्या प्रिंट्समध्ये वरचे ढग जवळजवळ नाहीसे झालेले असून चंद्र एका अखंड काळ्या पोकळीत एकटा उभा आहे. जनमानसात रुजलेला ‘मूनराइझ’ तो हाच.

४

या फरकांचे समर्थन ॲडम्सने एका उपमेने केले आहे. तारुण्यात त्याने पियानोवादनाचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि वादक होण्याचाच त्याचा विचार होता. निगेटिव्ह ही संगीतरचनाकाराच्या स्वरलिपीसारखी व प्रिंट ही तिच्या वादनासारखी असते, असे त्याचे प्रतिपादन होते. छायाचित्रविषयक लेखनात ही उपमा आता इतकी रूढ झाली आहे की तिची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. उपमा समर्पक आहे, यात शंका नाही. ‘प्रत’ या कल्पनेतील यांत्रिकता ती दूर करते. तथापि ती तीन ठिकाणी अपुरी पडते, आणि त्या उणिवा चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली उणीव चिन्हस्वरूपाची. स्वरलिपी ही परस्परभिन्न, मोजक्या चिन्हांची रचना असते. षड्जाचे चिन्ह षड्जासारखे ‘दिसत’ नाही. संकेताने ते षड्जाचे वाचक होते. म्हणूनच स्वरलिपी एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवली तरी तिच्यातील काहीही हरवत नाही. निगेटिव्हमध्ये असा संकेत नाही. तिच्यातील छटा अखंड असून त्या प्रत्यक्ष प्रकाशाने पाडलेल्या खुणा आहेत. निगेटिव्हला वर्णमाला नाही. तिच्या वाचनात अमुक चूक व अमुक बरोबर हे ठरवणारे व्याकरण निगेटिव्हच्या ठायी नसते. ते प्रिंट करणाऱ्याला दृश्याच्या स्मरणातून आणि आपल्या रुचीतून उभे करावे लागते.

दुसरी उणीव संहितेच्या स्थिरतेविषयी. वादक कितीही स्वतंत्र बुद्धीचा असला तरी त्याच्या वादनाने मूळ स्वरलिपी बदलत नाही. १९४८ च्या प्रक्रियेने मात्र निगेटिव्हच बदलली. म्हणजे त्यापूर्वीच्या व नंतरच्या प्रिंट्स या एकाच संहितेची दोन वाचने नव्हेत; संहितेलाच १९४८ साली नवा संस्कार झाला आणि आधीची संहिता कायमची लोपली. पूर्वीच्या निगेटिव्हची साक्ष आता केवळ जुन्या प्रिंट्सच देऊ शकतात.

तिसरी उणीव सर्वांत महत्त्वाची. वादकाला, आणि आपल्याकडील गायकाला तर अधिकच, विस्ताराचे स्वातंत्र्य असते. बंदिशीत नसलेल्या कितीतरी स्वरावली रागाच्या मर्यादेत राहून तो निर्माण करतो. प्रिंट करणाऱ्याचे स्वातंत्र्य असे द्विमुखी नाही. निगेटिव्हवर जे उमटलेच नाही ते कितीही खटपट केली तरी कागदावर आणता येत नाही. मात्र जे उमटले आहे ते काळ्यात बुडवून दिसेनासे करता येते. डार्करूममधील स्वातंत्र्य हे मुख्यतः वगळण्याचे, दडपण्याचे व उठाव देण्याचे स्वातंत्र्य आहे. भर घालण्याचे नव्हे.

५

या एकमुखी स्वातंत्र्याचे वर्णन करण्यास संगीतापेक्षा व्याकरण अधिक उपयोगी पडते. पाणिनीने लोपाची व्याख्या अभाव अशी केलेली नाही. अदर्शन अशी केली आहे. लुप्त झालेला प्रत्यय दिसत नाही, पण त्याचे स्थान व्यवस्थेत कायम असते आणि तो नसतानाही त्याच्यामुळे घडणारे कार्य घडू शकते. उत्तरकालीन ‘मूनराइझ’मधील ढगांची स्थिती नेमकी अशीच आहे. ते निगेटिव्हवर आहेत. कागदावर त्यांचे अदर्शन झाले आहे. आणि त्या अदर्शनाचे कार्य चित्रभर जाणवते. वरचे फराटे गेल्यामुळे शिखरांवरील ढगांचा एकच पट्टा उरतो व तो लखलखू लागतो. चंद्राला सोबत उरत नाही. चित्राचा वरचा अर्धाअधिक भाग निःशब्द होतो आणि खालचे गाव त्या निःशब्दतेखाली दबल्यासारखे भासते. परिणाम भव्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. हे चित्र एकदा पाहून विसरणारा प्रेक्षक विरळा.

परंतु या भव्यतेची किंमत काय, हा प्रश्न समीक्षेने विचारलाच पाहिजे. येथे तारखेच्या संशोधनातून हाती आलेली वेळ साहाय्यास येते. पावणेपाचचा सुमार, सूर्य मावळलेला नाही. कॅमेऱ्याचे तोंड पूर्वेकडे, म्हणून समोर चंद्र आहे व क्रूसांवरील प्रकाश कॅमेऱ्याच्या पाठीमागून, पश्चिमेकडून आला आहे. आरंभीच्या प्रिंट्समध्ये हा संबंध स्पष्ट राहतो. करड्या आकाशात दिवसाचा अंश शिल्लक असतो. त्यामुळे क्रूसांवरची चमक ही सरत्या दिवसाची अखेरची चमक आहे, हे सांगावे लागत नाही. चंद्र आला आहे आणि सूर्य अद्याप गेलेला नाही, या दोहोंमधील अल्प अवकाश हाच त्या चित्राचा विषय असतो. ज्या घाईत ते घेतले गेले, त्या घाईचा अर्थही तोच.

उत्तरकालीन प्रिंट्समध्ये आकाश रात्रीचे होते. क्रूसांवरील ऊन मात्र दिवसाचेच राहते. पाहणाऱ्याला ते क्रूस चांदण्यात उजळले आहेत असा भास होण्याचा संभव असतो. वस्तुतः समोरच्या चंद्राचा प्रकाश त्यांच्या आपल्याकडील बाजूवर पडूच शकत नाही. संधिकाळाचे चित्र शाश्वत रात्रीचे चित्र बनते. क्षण जातो आणि प्रतीक येते. दफनभूमी, क्रूस, काळे आकाश व एकाकी चंद्र यांचा मृत्यू आणि अनंत या अर्थांशी मेळ सहज बसतो. किंबहुना तो जरा अधिकच सहज बसतो. गावात माणसे राहत होती, ही गोष्ट त्या मेळात मागे पडते.

या मतभेदाला चर्चेची परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या छायाचित्र विभागाचे दीर्घकाळ प्रमुख असलेले जॉन झारकोव्स्की यांनी ॲडम्सच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २००१ साली प्रदर्शन व ग्रंथ सिद्ध केला. त्यात त्यांनी उत्तरकालीन नाट्यपूर्ण प्रिंट्सपेक्षा आरंभीच्या संयत प्रिंट्सना झुकते माप दिले. याउलट, कर्त्याची अंतिम इच्छा प्रमाण मानावी असा पक्ष मांडता येतो. प्रिंट करणारा ॲडम्सच होता. चित्राचे आकलन वर्षांगणिक बदलणे स्वाभाविक आहे, ही त्याची भूमिकाही प्रसिद्ध आहे. ग्रंथसंपादनात कर्त्याने अखेरीस तपासलेली आवृत्ती प्रमाण धरतात. मग येथेच वेगळा न्याय का?

या पक्षाला उत्तर असे की, अंतिम आवृत्ती प्रमाण मानण्याचा संकेत तेव्हाच योग्य ठरतो, जेव्हा कर्ता आपलाच एक हेतू अधिकाधिक नेमकेपणाने साधत जातो. ‘मूनराइझ’मध्ये हेतूच बदलला आहे. जमिनीच्या छटांची १९४८ सालची सुधारणा पहिल्या प्रकारची होती. गावाला न्याय देण्यासाठी ती केली गेली. आकाशाचा लोप दुसऱ्या प्रकारचा आहे. एकाच निगेटिव्हवर झालेले हे दोन व्यापार विरुद्ध दिशांचे आहेत. पहिल्याने जे हाती लागले, ते दुसऱ्याने काही अंशी झाकोळले. म्हणूनच १९४८ च्या संस्कारानंतरच्या, परंतु आकाश अद्याप पूर्ण काळे न झालेल्या मधल्या काळातील प्रिंट्स या दृष्टीने सर्वाधिक समतोल ठरतात. त्यांत गावही बोलते आणि आकाशही गप्प बसलेले नसते.

उत्तरकालीन प्रिंट्स ‘खोट्या’ आहेत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पिवळा फिल्टर भिंगावर चढवताच आकाश डोळ्यांना दिसते त्याहून गडद होऊ लागते. कृष्णधवल चित्रात रंगाचा त्याग तर पहिल्या क्षणीच झालेला असतो. डोळ्यांना दिसले तसे छायाचित्र, अशी वस्तू कोठेच अस्तित्वात नसते. प्रश्न खऱ्या-खोट्याचा नसून कोणत्या वाचनाने दृश्यातील कोणता संबंध राखला व कोणता सोडला, याचा आहे.

६

महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतली व ती १९६६ साली पूर्ण झाली. त्या कार्याने भारतीय अभ्यासकांना एक शिस्त लावली. स्वीकृत पाठ वर द्यावा, पण त्यागलेले पाठही तळटीपांत सांभाळावेत. कारण आजचा त्याज्य पाठ उद्याच्या संशोधकाला मोलाचा वाटू शकतो. छायाचित्राच्या समीक्षेला याच शिस्तीची गरज आहे. ‘मूनराइझ, १९४१’ एवढ्या निर्देशाने फक्त निगेटिव्ह कळते. कृती कळत नाही. प्रिंट कोणत्या सालची, कोणत्या हाताची, कोणत्या आकाराची, याचा उल्लेख केल्याशिवाय तिच्या छटांविषयी केलेले कोणतेही विधान हे पोथीचा निर्देश न करता पाठ उद्धृत करण्यासारखे आहे.

ही सूचना केवळ एका चित्रापुरती नाही. आज बहुसंख्य वाचक डार्करूममध्ये सिद्ध झालेली प्रिंट पाहत नाहीत. तिच्यावरून ग्रंथात, भित्तिपत्रकात किंवा पडद्यावर उतरलेली प्रतिमा पाहतात. या उतरवणुकीत आणखी छटा गळतात, आणि जो पाठ अधिक ठळक तोच टिकून राहतो. पोथ्यांच्या परंपरेतही नेहमी हेच घडत आले आहे. काळे आकाश छपाईत सहज टिकते. करड्या आकाशातील फिकट ढग टिकत नाहीत. अशा वेळी लोकप्रिय पाठालाच मूळ पाठ समजण्याची चूक नकळत घडते. ॲडम्सच्या निगेटिव्ह टुसान येथील ॲरिझोना विद्यापीठाच्या छायाचित्र केंद्रात जतन केलेल्या आहेत. परंतु वर दाखवल्याप्रमाणे निगेटिव्हचे जतन म्हणजे कृतीचे जतन नव्हे. जुन्या प्रिंट्स सांभाळणे, त्यांची कालानुक्रमे तुलना करणे आणि त्या तुलनेचे निष्कर्ष समीक्षेत नोंदवणे, हे तितकेच आवश्यक आहे.

डार्करूममध्ये तयार झालेल्या छायाचित्राच्या संदर्भात ‘प्रत’ हा शब्द व्यवहारात राहील व राहावा. रूढ शब्द हटवून भाषा सुधारत नाही. परंतु समीक्षेच्या परिभाषेत त्याच्या जोडीला ‘पाठ’ हा शब्द स्वीकारण्यास हरकत नसावी. एका निगेटिव्हच्या अनेक प्रती असतात, असे म्हटल्याने मोजणी होते. अनेक पाठ असतात, असे म्हटल्याने वाचनाला सुरुवात होते. हर्नांडेझच्या त्या आकाशात ढग होते. ते कोणत्या प्रिंटमध्ये दिसतात, कोणत्या प्रिंटमध्ये दिसत नाहीत, आणि न दिसल्याने गावाचे काय होते, एवढे पाहण्याची सवय जडली तरी या चिकित्सेचे प्रयोजन पूर्ण होईल.